माझ्या हातांची उचल

सोळा वर्षं मी हिवाळ्यात गावात राहिले नव्हते. वैशाखात लग्न होऊन या गावात आले आणि दिवाळी उरकली तशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले. त्यानंतर दरवर्षी तेच. भांडीकुंडी, पांघरुणं, ज्वारीचं पोतं, दोन कोयते, कोंबड्या असल्या तर त्यांचं खुराडं, सगळं ट्रॉलीत टाकायचं आणि ऊस तोडायला कर्नाटकाकडं, नाहीतर कृष्णाकाठाला जायचं. परत यायचं ते पाडव्याच्या आगंमागं.

ढोकीच्या साखर कारखान्याची चिमणी आमच्या रानाच्या बांधावरून दिसते. इथला ऊस बाहेरून आलेली माणसं तोडतात आणि आम्ही बाहेरचा तोडायला जातो. असं का, म्हणून मी एकदा मुकादमाला विचारलं होतं. तो म्हणाला, घर जवळ असलं की माणूस कामावर टिकत नाही. खरंच होतं त्याचं. घर जवळ असलं की माणूस दुखतंखुपतं म्हणतो, उठून घरी जातो. दूर नेलं की कुठं जाणार?

आमच्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, म्हणजे हंगामाच्या आधीच हातावर पैसे ठेवतो, आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. ही उचल जोडीची असते, पण ती पडते नवऱ्याच्या हातात. सोळा वर्षांत मुकादमानं ती एकदाही माझ्या हातात दिली नाही. मीही कधी हात पुढं केला नव्हता.

माझी पोरगी उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झाली, माघाच्या थंडीत. सकाळी मी मोळ्या बांधल्या होत्या आणि दुपारी ती झाली. टोळीतल्या एका म्हातारीनं सगळं केलं. बारा-तेरा दिवसांनी मी परत फडात होते आणि पोरगी बांधावर, साडीच्या झोळीत. सहा वर्षांची होईपर्यंत तिनं दरसाल पाचट आणि चिखलच बघितला. मग तिला शाळेत घातलं आणि सासूजवळ ठेवलं. सासूला कमी दिसायचं, पण ती दारात बसून राहायची. दारात म्हातारं माणूस बसलेलं असलं की घर भरलेलं दिसतं.

दोन वर्षांमागं चैत्रात सासू गेली. तेराव्याची जेवणं चालू होती तेव्हाच माझ्या थोरल्या नणंदेनं विषय काढला. ती तामलवाडीकडं दिलेली. मी तिला आक्का म्हणते.

"आता पोरीचं काय करनार?" तिनं विचारलं.

"काय म्हंजी? दहावीत जाईल यंदा."

"आन दिवाळीनंतर? तुमी दोगं उसाला गेल्यावर ती पत्र्याच्या घरात एकटी ऱ्हानार का? संगं न्यावं तर शाळा बुडती. हितं ठिवावं तर जिवाला घोर. त्यापरीस उजवून टाका. माझ्याकडं स्थळ हाय. घरचा टेंपो हाय, थोडी द्राक्षबाग हाय. पोरगी सुखात ऱ्हाईल."

पोरीला तेव्हा पंधरावं चालू होतं. आक्काचं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं. तिला पोरीचं वाईट करायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी मनातल्या मनात तिला शिव्या दिल्या. गावात राहायचं म्हटलं तर खायचं काय, इथंच सगळं येऊन अडायचं. दीड एकर कोरडवाहू रान, त्यात वर्षाची ज्वारीसुद्धा धड होत नाही. मी दहावीला गणित आणि इंग्रजीत नापास झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात मला उजवून टाकलं होतं. त्यामुळं पुढं काय होणार ते मला आधीच दिसत होतं. पोरगी तिथंच पत्रावळी उचलत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्याच पावसाळ्यात सरकारनं बायकांच्या खात्यावर दर महिन्याला दीड हजार रुपये टाकायचं ठरवलं. अंगणवाडीच्या ताईनं गल्लीत येऊन सांगितलं, कागद गोळा करा. आम्ही सगळ्या जणी आधार कार्ड आणि रेशन कार्ड पिशवीत घालून पळत सुटलो. माझ्या नवऱ्याला यात काही राम वाटत नव्हता. "निवडणूक आली की असलं लई निघतंय," तो म्हणाला. "फारम भरायला गेलीस तर एक दिसाची मजुरी बुडंल." मी मजुरी बुडवली आणि गेले.

राखीपौर्णिमेच्या आसपास पैसे आले. गल्लीतल्या बायकांचे मोबाईल वाजले, माझा वाजला नाही. माझ्याजवळ मोबाईलच नव्हता. पोरीला घेऊन बँकेत गेले तर खात्यावर निम्मेच पैसे. काउंटरवरच्या माणसानं सांगितलं की खात्यात कमीत कमी शिल्लक ठेवली नव्हती, त्याचा दंड कापला गेलाय.

"कुनी कापला?" मी विचारलं.

"सिस्टीमनं कापला, मावशी. आपोआप कापतं."

"मंग आपोआप परत टाका."

तो हसला. मागच्या रांगेतले दोघं-तिघंही हसले. पूर्वीची मी असते तर तिथूनच परत फिरले असते, कारण साहेब हसला की आपलंच काहीतरी चुकलंय असं मला वाटायचं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी भिंतीजवळच्या बाकावर बसले आणि म्हणाले, मी हाय हितंच. जेवायच्या सुट्टीत साहेब बाहेर गेले, परत आले, मी बसलेलीच. चार वाजता मॅनेजरनं आत बोलावून अर्ज लिहायला लावला. अर्ज पोरीनं लिहिला. मी खाली सही केली, चांगली जोडाक्षरासकट. दोन हेलपाटे आणखी झाले, पण पैसे परत खात्यावर आले. पैसे कापले गेलेल्या अशा आणखी चार बायका होत्या. त्यांना मी अर्ज कसा लिहायचा ते दाखवलं.

त्या पैशाचं पहिल्यांदा काय केलं, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. विचारणाऱ्याला बहुतेक साडी ऐकायची असते. मी महिन्याचं सामान एकदम भरलं. ज्यांनी कधी पाच रुपयांची चहापत्ती आणि दहा रुपयांचं तेल आणलं नाही त्यांना यात काय विशेष ते कळायचं नाही. सुटं घेतलं की महाग पडतं हे मला सोळा वर्षं माहीत होतं, पण एकदम घ्यायला एकदम पैसे लागतात. मी यादी करून नेली. तेलाचा डबा, तूरडाळ, साखर, साबण. दुकानदारानं यादी बघून विचारलं, "कार्य काढलंय का काय?" मी म्हणाले, "कार्य कशाला पायजे? रोज खात न्हाईत का मान्सं?"

दुसऱ्या महिन्यात गावातल्या लोहाराकडून दाराला आतून लोखंडी अडसर आणि जाड कडी बसवून घेतली. नवऱ्यानं विचारलं, "ही कशाला?" मी म्हणाले, "आसू द्या." तेव्हा मी त्याला काही सांगितलं नव्हतं. खरं तर मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. पण रानात खुरपताना माझं डोकं सारखं तेच जुळवत होतं. रेशनचा तांदूळ-गहू आहे. वरचं सामान या पैशात भागतंय. आठवड्याला तीन-चार दिवस गावात मजुरी मिळाली की पोरीच्या वह्या, लाइटबिल, दवाखाना होईल. हिवाळा निघेल. फार चांगला नाही, पण निघेल.

भाद्रपदात एका बाजारच्या दिवशी नवरा आला आणि त्यानं उपरण्यात गुंडाळलेले उचलीचे पैसे देवापुढं ठेवले. दरवर्षी तो असंच करायचा. मी त्या पैशांवर हळद-कुंकू वाहायचे. त्या दिवशी मी जागची हलले नाही.

"किती कोयत्याची हाय?" मी विचारलं.

"एका. दरसालावानी."

"त्यातला अर्धा माझा, व्हय?"

"व्हय की. आज काय नवीन इचारायलीस?"

"मंग उचल घ्यायच्या आदी मला इचारलं व्हतं का?"

तो आधी हसला. मी हसत नाही हे बघून त्यानं उपरणं झटकलं. "सोळा सालात कवा इचारलंय?"

"त्येच म्हनायले मी."

मग मी त्याला सगळं सांगितलं. मी यंदा येणार नाही. पोरगी दहावीला आहे, तिच्यापाशी राहणार. माझ्या हातांची उचल परत करा. तो संतापला. ओरडला नाही. तो ओरडणारा माणूस नाही. तो रानात निघून गेला आणि आल्यावर जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अर्ध्या कोयत्याला कोन घेतंय? आन मान्सं हसत्याल. म्हनत्याल, बायकूनं सोडला."

"हसू द्या."

"आन सरकारचं काय खरं? आज हाय, उद्या न्हाय."

"उद्या न्हाय तर उद्या बगू. पोरीची दहावी यंदाच हाय."

मला त्याचा राग होता, तशी त्याची कीवही येत होती. मुकादमाला नाही म्हणणं त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं. त्याच्या बापालाही नव्हतं. दहा वर्षांचा असल्यापासून तो फडात आहे. त्यानं मलाच सांगितलं, "तूच सांग त्याला. माझ्यानं हुनार न्हाय."

मुकादम रविवारी मोटारसायकलवर आला. आमच्याच जातीतला, ओळखीचा माणूस. बाजेवर बसला, पाणी प्याला आणि नवऱ्याकडं बघून म्हणाला, "काय ऐकायलो मी?" नवरा खाली बघत राहिला. मी चुलीपासून उठून बाहेर आले आणि निम्मी उचल बाजेवर त्याच्याशेजारी ठेवली.

"वयनी, दीड हजारात घर चालतंय का?" त्यानं विचारलं. आवाज गोड होता.

"न्हाय चालत."

"मंग?"

"घर म्या चालवीन. दीड हजारात तुमाला न्हाय म्हनता यायलंय."

त्याचा चेहरा उतरला. तो नवऱ्याला म्हणाला, "फुकटचं मिळायला लागल्यापासनं बायका ऐकंनात कुनाचं. समद्या टोळ्यांची हीच बोंब हाय." मग खिशातून कागद काढला, ज्यावर उचल घेणाऱ्यांच्या सह्या असतात. मी म्हणाले, "त्यातलं माझं नाव खोडा."

त्यानं कागदावरून बोट फिरवलं. "तुमचं नाव कुठं हाय यात?"

मी कागद हातात घेऊन वाचला. खरंच नव्हतं. नवऱ्याचं नाव होतं, पुढं 'एक कोयता' असं लिहिलं होतं आणि त्याची सही. सोळा वर्षं मी ज्या कागदावर बांधलेली होते त्यावर मी नव्हतेच. पोटात पोर असताना ज्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या त्याही त्या दोन शब्दांत गेल्या होत्या. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला हलकंच वाटलं.

"माझं नावच न्हाय, तर मला न्यायला कशाला आलाव?" मी विचारलं आणि कागद त्याला परत दिला.

मुकादम पैसे घेऊन गेला. नवऱ्याच्या चुलतभावाची बायको आदल्या वर्षी वारली होती, तोही अर्धाच होता. शेवटी मुकादमानं त्या दोघांचा मिळून एक कोयता केला. त्याला माणसं हवीच होती.

दिवाळीनंतर ट्रॉली निघाली तेव्हा मी वेशीपर्यंत गेले. टोळीतल्या बायका वरून बघत होत्या. एक म्हणाली, "सुटलीस बाई." दुसरीनं तोंड फिरवलं. नवऱ्याला भाकरी बांधून दिल्या होत्या. त्यानं फक्त "कडी लावत जावा" एवढंच सांगितलं. ट्रॉली दिसेनाशी झाल्यावर मला एकदम चोरी केल्यासारखं वाटलं. माझं पांघरूण घरी, माझा कोयता आढ्याला आणि मी रस्त्यात उभी, ऐन हंगामात काम न करता. ती लाज जायला पंधरा-वीस दिवस लागले.

मग माझ्या लक्षात आलं की मला माझं गाव माहीतच नाही. मार्गशीर्षात सकाळी ओढ्यावर धुकं असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या बांधावरच्या बोरीला इतकी गोड बोरं येतात, तीही मी कधी खाल्ली नव्हती. आणि येळवस. आमच्या भागात येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, अख्खं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात. भज्जी, म्हणजे रानातल्या सगळ्या भाज्यांची एक भाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे, माठातलं आंबील, आणि जो येईल त्याला जेवायला घालायचं. लग्नाआधी माहेरी मी हे सगळं केलं होतं. लग्नानंतर सोळा येळवशी फडात गेल्या. आपापल्या कोपीत बसून आम्ही फक्त म्हणायचो, आज गावाकडं येळवस असंल.

त्या वर्षी मी आणि पोरीनं दीड एकरात कोप घातली. भज्जीला हरभऱ्याचे कोवळे घाटे, वाल, तूर, पालेभाज्या, सगळं रानातलं, चिंच तेवढी विकत आणली. आंबिलाला आदल्या दिवशीच ताक लावून ठेवलं. शेजारची विधवा बाई तिच्या नातवाला घेऊन आली. दुपारी बांधावरून आक्का येताना दिसली. तिच्याबरोबर जाड काठाची साडी नेसलेली एक बाई होती. टेंपोवाल्या मुलाची आई.

येळवसेला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे आक्काला चांगलं माहीत होतं. मी दोघींना बसवलं, पत्रावळीवर वाढलं. ती बाई जेवताना पोरीकडं बघत होती. पोरीची चाल, पोरीचा रंग. पोरगी ताठ बसून आंबील पीत होती. जेवण झाल्यावर मी हात धुवायला पाणी दिलं आणि आक्का काही बोलायच्या आत त्या बाईला म्हणाले, "पोटभर जेवलाव का? आता एक सांगते, राग मानू नका. पोरगी शिकतीया. अठरा व्हायच्या आदी तिचं लगीन न्हाय आन तिनं व्हय म्हनल्याबिगार त्याच्यानंतर बी न्हाय."

बाई तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आमी काय जबरदस्ती करायलोव का?" ती उठून बांधाकडं गेली. आक्का मात्र थांबली.

"दीड हजाराचा माज हाय ह्यो," ती म्हणाली.

"आसंल. म्हना माज. सोळा वरसं नव्हता, तवा चांगली बाई म्हनून कुनी घरात ठिवलं का मला? फडातच व्हते नव्हं?"

आक्कानं उरलेले उंडे मागून घेतले, पदरात बांधले आणि गेली. सहा महिने तिनं आमच्याकडं पाय ठेवला नाही. आता येते. तिच्याही खात्यावर पैसे येतात, आणि मागच्या खेपेला तिनं मला हळूच विचारलं की बँकेचं पुस्तक नवऱ्यापासून वेगळं कुठं ठेवतेस. मी सांगितलं.

पुढं हरभरा काढायला आला तेव्हा गावातल्या मोठ्या बागाईतदाराचा माणूस गल्लीत आला. त्यानं जुन्याच मजुरीवर बायका मागितल्या आणि वर म्हणाला, आता तुम्हाला सरकारच बसून खायला घालतंय, तर मजुरी वाढवून कशाला पाहिजे. माझ्या शेजारणीनं त्याला विचारलं, "सरकार घालतंय तर तुमी कशाला आलाव बोलवायला?" त्या आठवड्यात आमच्या गल्लीतून त्याच्या रानात कुणी गेलं नाही. आठवडाभर थांबायला घरात तेल-मीठ असावं लागतं, आणि त्या वर्षी ते होतं. आठव्या दिवशी मजुरी वाढली. फार नाही, पण वाढली. गावात अजून म्हणतात की बायका आळशी झाल्या. मी त्याच हंगामात हरभरा उपटून हातांची सालटी काढून घेतली, ते कुणी बघितलं नाही.

हे सगळं सरळ झालं असं मात्र नाही. पोरीची परीक्षा तोंडावर आली आणि पैसे यायचे थांबले. अंगणवाडीची ताई म्हणाली, याद्या तपासायला लागलेत, कुणाकुणाची नावं कमी होणार. तेल पुन्हा दहा रुपयांचं आणायला लागले. पोरीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "आई, शनिवारी-रविवारी मी येऊ का कामाला?" मी तिला पुस्तक हातात दिलं आणि सकाळच्या एस.टी.नं धाराशिवला, योजनेच्या कचेरीत गेले.

दोन खिडक्यांवर फिरून तिसऱ्या टेबलाशी पोचले. तिथला माणूस तरुण होता, पोरीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. त्यानं नाव विचारलं, कॉम्प्युटरवर काही बघितलं नाही आणि म्हणाला, "येतील. नाही आले तर समजायचं नाव कमी झालं. तसेही फुकटचेच होते ना, मावशी?"

मी म्हणाले, "नाव कमी झालं तर कशामुळं झालं ते कागदावर लिहून द्या. खाली सही करा."

"असं लिहून देता येत नाही."

"मंग झालं न्हाय म्हनून लिहून द्या."

"मावशी, मागं रांग आहे."

"त्यांना बी लिहून पायजे."

मागं खरोखरच बायका होत्या, आणि एकीनं मोठ्यानं सांगितलं, व्हय, आमाला बी पायजे. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग पहिल्यांदा कॉम्प्युटरकडं. नाव कमी झालं नव्हतं. तपासणीचा ओटीपी नंबर नवऱ्याच्या मोबाईलवर गेला होता आणि नवरा कृष्णाकाठी फडात, मोबाईल बंद. एवढंच होतं. एवढ्यासाठी माझ्या घरातलं तेल संपलं होतं. शेजारणीच्या नातवाचा फोन घेऊन गेले होते, त्यावर नंबर नव्यानं मागवून घेतला. दुपारपर्यंत काम झालं. बाहेर पायरीवर बसून मी भाकरी खाल्ली. पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांचे पैसे आले आणि पहिल्यांदा मी स्वतःच्या नावावर एक साधा मोबाईल घेतला.

पाडव्याला नवरा परत आला. वाळला होता, दाढी वाढलेली. दोन गड्यांच्या कोयत्यात स्वयंपाक, पाणी, सरपण, सगळं त्या दोघांनाच करायला लागलं होतं. पहाटे तीनला उठून भाकरी करायच्या आणि मग फडात जायचं. त्यानं भाकरी थापायला शिकून घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी मी चुलीपुढं बसले तर तो बाजूला येऊन उभा राहिला. "समदं करून वर मोळ्या बी वाहायचीस तू," तो म्हणाला. तवा ठेवायला त्यानं दोन लाकडं सारली आणि चुलीत फुंकर घातली.

पोरगी दहावी पास झाली. गणितात माझ्यासारखीच काठावर होती, पण पास झाली. धाराशिवच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं. एस.टी.चा पास काढला. पहाटेची गाडी चुकली तर दुसरी उशिरा येते, म्हणून ती धावत जाते आणि मी डबा घेऊन तिच्यामागं.

त्या पावसाळ्यात मुकादम परत आला. मोटारसायकल लावून तो आधी माझ्याकडं बघून म्हणाला, "वयनी, यंदा काय ठरवलंय?" मी नाही म्हणाले. नवऱ्यानं मला बाजूला बोलावून विचारलं, मी एकटा जाऊ का, का इथंच काही बघू. असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोन दिवस बोललो. शेवटी तो गेला, कारण घराला अजून त्याच्या मजुरीची गरज आहे. आमचं दारिद्र्य गेलं नाही. पत्रा गळतो. दवाखाना आला की अजूनही उसनवारी करावी लागते. कुणी म्हणालं दीड हजारानं गरिबी गेली, तर मी त्यालाही ऐकवीन.

मागच्या महिन्यात पोरगी कॉलेजातून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली की आज वर्गात सर बोलत होते. असे पैसे वाटून माणसं बिघडतात, कुणाला काम नको झालंय, असं काहीतरी. सगळा वर्ग हसला. तेव्हा ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, सर, माझी आई घेते.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय न्हाय. त्यांनी इचारलं, तुजी आई काय करती? मी सांगितलं, आज ज्वारी काढायला गेलीया, तुमाला यायचं आसंल तर या."

"आन सर काय म्हनाले?"

"फळ्याकडं फिरले. धडा चालू केला." तिनं भाकरीचं भांडं उघडून बघितलं आणि विचारलं, दूध हाय का गं थोडं, चहा करते.